एकवीस दिवसांची गायीना

हिंगणी, ९ फेब्रुवारी २०२५

मंजू,

आशीर्वाद लिहिते आहे, घ्यायचा की नाही ते तू ठरव. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. शेजारच्या मंदाबाईच्या फोनवरून लावला तेव्हा घंटी वाजली, तू ‘हॅलो’ही म्हणालीस, आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून आता पत्र. फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागेल, आणि तुला मी ओळखते. किराण्याच्या पुडीचा कागदही तू वाचल्याशिवाय फेकत नव्हतीस.

आज काळीला अंड्यांवर बसवलं. ही मायच्या काळीची नात. दिवाळीत गावात मानमोडी आली आणि चार दिवसांत आपल्या एकोणीस कोंबड्या माना टाकून गेल्या. ही एकटी खुराड्यात कधी झोपलीच नाही. रोज संध्याकाळी शेवग्यावर चढून बसायची, मी रोज शिव्या द्यायची, आणि त्याच हट्टापायी वाचली. मायच्या हातचं एवढं एकच जितं उरलं आहे आपल्या घरात, तू आणि मी सोडून.

आठवड्यापासून ती खुडूक झाली आहे. पिसं फुलवून बसते, हात लावला की टोचते. मंदाबाईचा कोंबडा तिच्या मागे होताच, त्यामुळे अंड्यांची काळजी नव्हती. चुलीमागच्या कोपऱ्यात टोपली ठेवली, तळाला राख, वर कुटाराचा मऊ भुसा, मधे मायच्या पद्धतीने लोखंडी खिळा, आभाळ गरजलं तर अंडी दचकू नयेत म्हणून. अकरा अंडी मोजून ठेवली, प्रत्येकावर कोळशाची खूण केली. सगळं मायसारखं केलं. फक्त दाणे मी डब्यातूनच टाकते. तिचं सूप भिंतीवर टांगलेलं आहे, त्याला मी हात लावत नाही. आठवतं ना तुला, सुपाच्या काठावर अंगठीने दोनदा टकटक करायची आणि मग ‘आऽऽ तीतीतीती’ म्हणायची. सगळी आळी गोळा व्हायची, शेजारच्यांच्या कोंबड्यासुद्धा.

आता मुद्द्याचं लिहिते. माय गेल्याचं मी तुझ्यापासून लपवलं, ते तुला माहीत आहे आणि त्याची शिक्षा मी भोगते आहे. पण अजून एक गोष्ट आहे, ती तुला माहीत नाही. ती सांगितली तर तू कायमची तुटशील अशी मला भीती आहे, आणि नाही सांगितली तर मला या घरात नीट श्वास घेता येणार नाही. कोंबडीला एकवीस दिवस लागतात. मीही तेवढेच घेते. पिल्लं निघायच्या आत लिहून टाकीन.

छाया


हिंगणी, १६ फेब्रुवारी

मंजू,

पोस्टातल्या माणसाने पहिल्या पत्रावर पाच मिनिटं घालवली. ‘‘सारागोसा म्हंजे कोनत्या बाजूले येते, बाई?’’ म्हणाला. मी म्हटलं, ‘‘माहे पाय जिथं पोचत नाई त्या बाजूले.’’ त्याने तिकिटं लावली.

आता योगायोग ऐक. ओमप्रकाश सेठच्या लॉजवर स्वयंपाक अजून मीच करते. जंगल बघायला येणारी माणसं दोन दिवसांत वाघ बघतात किंवा न बघता रागावून जातात. या खेपेला एक बाई आली आहे, पिलार नावाची, वय सदुसष्ट, एकटी, आणि तुझ्या देशाची. म्हणजे तू राहतेस त्या देशाची, स्पेनची. तिला वाघाचं काही पडलेलं नाही. वही घेऊन पक्षी काढत बसते. ती मोबाइलमध्ये बोलते, मोबाइल हिंदी बोलतो, मग मी हिंदी बोलते आणि मोबाइल तिचं बोलतो. मधे एक मशीन बसलेलं असूनही गप्पा रंगतात, कारण आम्ही दोघीही मशीनचं पूर्ण ऐकून घेत नाही.

परवा ती माझ्या मागेमागे घरी आली. चुलीमागे काळी बसलेली पाहिली आणि दारातच थांबली. बोट दाखवून हळूच म्हणाली, ‘‘गायीना.’’ मला वाटलं गाईचं काही विचारते आहे, म्हणून मी मंदाबाईच्या गोठ्याकडे हात केला. ती हसून पुन्हा कोंबडीकडे बोट करून म्हणाली, ‘‘गायीना.’’ तर तुमच्याकडे कोंबडीला गायीना म्हणतात. तुला हे ठाऊकच असणार, रोज बाजारात बोलत असशील. पण मला किती नवल वाटलं ते कसं सांगू? इतकी वर्षं तू त्या भाषेत राहतेस, भांडतेस, भाजी घेतेस, आणि मला तिच्यातला एक शब्द येत नव्हता. आता एक येतो. वीस वेळा म्हणून पाहिला. काळीनेही मान वळवून पाहिलं, तिला तो चालला असं दिसतं.

आज सातवा दिवस म्हणून अंधार करून अंडी टॉर्चवर धरली. पिलार बाजूला उकिडवी बसली होती. पहिल्या अंड्यात लाल सुतासारख्या शिरा पसरलेल्या, आणि मधे एक ठिपका, तो हलत होता. ठिपका कसला, काळीज होतं ते. मी लहानपणापासून अंडी बघते आहे, तरी दर वेळी तेच अंडं पुन्हा एकदा टॉर्चवर धरते. आठवड्यापूर्वी हेच अंडं मी तव्यावर फोडलं असतं तर पोळी करून खाल्लं असतं. अकरापैकी नऊ भरली आहेत, दोन पोकळ निघाली.

पिलारने मला तिच्या गावची एक म्हण शिकवली. जे कधीच होणार नाही त्याला तिकडे म्हणतात, ‘कोंबड्या मुततील तेव्हा’. कोंबडी मुतत नाही हे त्यांनाही माहीत आहे बघ. मी इतकी हसले की सेठ काय झालं म्हणून बघायला आला. मग पिलारने विचारलं, बहिणीचं उत्तर कधी येणार? मी म्हटलं, कोंबड्या मुततील तेव्हा. ती मात्र हसली नाही.

छाया


हिंगणी, २० फेब्रुवारी

मंजू,

काल माझं आणि पिलारचं भांडण झालं. तिने सांगितलं की भित्र्या माणसाला तिकडे गायीना म्हणतात. पोरं एकमेकांना चिडवतात, उडी मारत नाहीस, गायीना आहेस. माझं डोकं फिरलं. म्हटलं, बाई, तुमच्या लोकांनी कोंबडी कधी पाहिली आहे का? आणि देवानेच ऐकलं असावं. त्याच संध्याकाळी मोरीतून मुंगूस आत आलं. काळीने अंडी सोडली नाहीत. पिसं अशी फुगवली की टोपली दिसेनाशी झाली, आणि घशातून असा काही आवाज काढला की माझ्या हातातला झाडू हातातच राहिला. मुंगूस थांबलं, तिने बसल्याबसल्या त्याच्या नाकावर चोच मारली, आणि ते आल्या वाटेने पळालं. सदुसष्ट वर्षांची पिलार तोवर दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीवर होती. खाली उतरल्यावर मोबाइलमध्ये म्हणाली, ज्याने तो शब्द तसा वापरायला सुरुवात केली त्याने खुडूक कोंबडी पाहिली नसणार. मी तिला चहा दिला.

रात्रीचं जेवण देताना मात्र तोच शब्द माझ्याकडे वळला. कोंबडी भित्री नसेल, पण मी आहे.

अजून एक म्हण तिने सांगितली, आणि त्या म्हणीपायी हे पत्र लिहिते आहे. जिथे आपलं कोणी नाही तिथे अवघडून बसलेल्या माणसाला ते ‘दुसऱ्याच्या खुराड्यातली कोंबडी’ म्हणतात. मोबाइलने ते हिंदीत सांगितलं आणि मला तू दिसलीस. स्पेनमधली नव्हे. आपल्या अंगणातली.

माय गेल्यावर, नागपुरात सासूबाईंकडे मुलीला ठेवून, तू एका दिवसासाठी आली होतीस. ओट्याच्या कडेला बसलीस, आत आली नाहीस. पाणी प्यालीस, तेही अर्धं. जन्मलीस त्या घरात तू पाहुण्यासारखी पाय जवळ घेऊन बसली होतीस, आणि तुला तसं बसवलं मी. तुझ्या मुलीचं नाव काय ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. आजही मला ते माहीत नाही. आजूबाजूला विचारलं असतं तर कळलं असतं, पण भाचीचं नाव परक्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

निघताना तू म्हणालीस, ‘‘दसऱ्याले फोनवर मायचा आवाज आयकलता मी. तेवढाच माह्यापाशी राह्यला, ताई.’’ आणि माझ्याकडे पाहत राहिलीस.

मी चहा ठेवायला आत गेले. चहा उकळून बाहेर आणला तेव्हा तुझा ऑटो वळणावर गेला होता. तो चहा मी मोरीत ओतला. दहा दिवस उरले आहेत.

छाया


हिंगणी, २७ फेब्रुवारी

मंजू,

आज अठरावा दिवस. आधी आज काय पाहिलं ते सांगते, मग दुसरं. त्याच बळावर दुसरं लिहिता येईल.

परातीत कोमट पाणी घेतलं. माय कोपर बुडवून बघायची तसं बघितलं. काळीला एका हाताने धरून पिलारच्या मांडीवर दिलं. पिलारने आयुष्यात पहिल्यांदा कोंबडी धरली असावी, श्वासही घेत नव्हती. मग मी एकेक अंडं पाण्यात सोडलं. पाणी शांत झालं. अंडी तरंगत थांबली. आणि मग, मंजू, एक अंडं हललं. खिडकी बंद, वारा नाही, हात नाही. पाण्यावर एक बारीक गोल उठला आणि परातीच्या काठापर्यंत गेला. मग दुसरं हललं. मग तीन एकदम. आतलं पिल्लू पाय मारतं तेव्हा अंडं नाचतं, माय सांगायची. नऊपैकी आठ नाचली. एक तसंच राहिलं.

मग पिलारने बाही वर करून मला हात दाखवला. तिच्या गोऱ्या हातावर सगळीकडे दाणे उठले होते. म्हणाली, ‘‘पिएल दे गायीना.’’ कोंबडीचं कातडं. आपण म्हणतो अंगावर काटा आला, त्याला तुमच्याकडे कोंबडीचं कातडं म्हणतात. मी माझा हात पाहिला. अगदी सोललेल्या कोंबडीसारखा. लॉजवर मी आजवर हजार कोंबड्या सोलल्या असतील, पण हे माझ्या ध्यानात कधी आलं नाही, आणि हजारो कोसांवर कोणाच्या तरी ध्यानात आलं आणि त्याने शब्द करून ठेवला. तिथेही कोणी बाई परातीपुढे अशीच बसली असेल. मला एकदम तुझा देश परका वाटेनासा झाला.

आता दुसरं.

२०२२ चा दसरा. माय वर्ध्याच्या दवाखान्यात होती, नाकात नळी, बोलणं बंद. त्याआधी बोलता येत होतं तेव्हाच तिने मला बजावलं होतं, ‘‘मंजीले सांगू नको. दोन डाव पोट गेलं तिचं. हे सांभाळू दे तिले.’’ तुला नववा लागला होता. मी आंघोळीला घरी आले आणि तुझा फोन आला.

तू विचारलंस, ‘‘माय कुठं हाय?’’

मी म्हटलं, ‘‘आंगनात हाय. कोंबड्याईले दाने टाकून राह्यली.’’

‘‘दे ना फोन.’’

‘‘हात खराब हायेत तिचे. थांब, आवाज आयकवतो तुले.’’

फोन खिडकीत ठेवला. अंगणात गेले. डब्यातले कण मुठीत घेतले आणि मायच्या आवाजात हाक मारली, ‘आऽऽ तीतीतीती’. तुला माहीत आहे, माझा आवाज तिच्यावर गेला आहे. कोंबड्यासुद्धा आल्या. परत येऊन फोन कानाला लावला तर तू काही बोलत नव्हतीस. मग म्हणालीस, ‘‘बरं हाय. सांभाळजो.’’

तो आवाज माझा होता, मंजू. तू जो एकच आवाज जवळ धरून बसली आहेस, तो मायचा नव्हता. माय सोळा दिवसांनी गेली. त्यानंतरही पाच रविवार मी ‘माय झोपली आहे’, ‘माय देवळात गेली’ असं सांगत राहिले, मुलगी झाली तेव्हा ‘सांगते मायले’ म्हटलं, आणि बारसं झाल्यावर खरं सांगितलं. सगळ्या नातेवाइकांना शपथ घातली, तुझ्या नवऱ्याला, स्वप्निलरावांनाही कळू दिलं नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. मायने मला आजार लपवायला सांगितलं होतं. मरण लपवायला कोणी सांगितलं नव्हतं, ते माझं मीच ठरवलं. तुझ्या पोटातल्या बाळासाठी केलं असं मी जगाला सांगते. खरं हे की ‘माय गेली’ हे शब्द तुला म्हणायची माझ्यात ताकद नव्हती. दुसऱ्या कोणाला म्हणता आले. तुला नाही.

तू ओट्यावर दसऱ्याची गोष्ट काढलीस तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा मी गायीना झाले, पोरं चिडवतात त्या अर्थाने. खुडूक कोंबडीच्या अर्थाने नाही.

पत्र बंद करून आत्ताच पोस्टात नेते, नाही तर उद्या फाडीन.

छाया


हिंगणी, २ मार्च

मंजू,

आठ निघाली.

पहाटेच टोपलीत कान लावला तर अंड्याच्या आतून चिवचिव ऐकू आली, आणि काळी वरून हळू गुरगुरून उत्तर देत होती. कवच फुटायच्या आधीच दोघांचं बोलणं सुरू. एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, मधे भिंत आहे, तरी ओळख पटलेली. मी तशीच जमिनीवर बसून ऐकत राहिले, चहासुद्धा ठेवला नाही. सेठने फोन केला की पाहुणे नाश्त्याला थांबले आहेत. मी सांगितलं, माझ्या घरी आज आठ पाहुणे आहेत.

पाच काळी आहेत, दोन राखी, एक पिवळट. सगळ्यात शेवटी निघालं ते एवढं ओलं आणि लुळं होतं की मी आशा सोडली होती. दुपारी पाहते तर तेच काळीच्या पाठीवर चढून बसलेलं. पिलार काल गेली, तिला हे दिसलं नाही. जाताना तिने वहीतलं पान फाडून दिलं, टोपलीतली काळी, आणि खाली तिच्या अक्षरात तो शब्द. मी त्याखाली देवनागरीत लिहिलं, गायीना. सुपाशेजारी चिकटवलं आहे.

मी सगळं लिहिलं. आता माझ्याकडे लपवायला काही नाही, म्हणून आज झोप येईल असं वाटतं. तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

छाया


सारागोसा, २४ मार्च

ताई,

कोंबड्या मुतल्या बघ.

तुझी पाचही पत्रं एका आठवड्यात मागेपुढे आली, दोन मार्चचं सगळ्यांत आधी. आठ निघाली हे कळलं, पण पिलार कोण आणि तू ‘सगळं लिहिलं’ ते काय, हे कळायला मला चार दिवस थांबावं लागलं. स्वप्निल म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, आमच्या घरी आठ पाहुणे आले आहेत.

आता माझं ऐक. त्या दसऱ्याला सूप वाजलं नव्हतं, ताई.

माय आधी टकटक करायची. तूच लिहिलं आहेस पहिल्या पत्रात. तुझ्या हाकेआधी काहीच वाजलं नाही, थेट ‘आऽऽ’ आलं. मी इथे खिडकीशी उभी होते, पोटावर हात होता. मला त्याच क्षणी कळलं की ती तू आहेस, आणि हेही कळलं की माय अंगणात असती तर तुला माय व्हायची गरज पडली नसती. अंगावर काटा आला होता. इथल्या बायका म्हणतात तसंच झालं होतं माझ्या हातांचं.

मी विचारलं नाही. ‘बरं हाय, सांभाळजो’ म्हणाले आणि ठेवून दिला. विचारलं असतं तर तुला खरं सांगावं लागलं असतं, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. त्यानंतरचे सगळे रविवार तू सांगत होतीस की माय झोपली, आणि मी विचारत होते की जेवली का. नंतर सगळ्यांना सांगत सुटले, ताईने फसवलं. ते सोपं होतं. ओट्यावर मी ती गोष्ट मुद्दाम काढली. वाटलं, तू सांगशील, मग मीही सांगेन की मला माहीत होतं. तू चहा ठेवायला गेलीस आणि मी ऑटोत बसले. दोघी एकाच टोपलीतल्या.

माझ्याकडे मायचा आवाज नाही हे खरं. पण तिची हाक आहे, तू मारलेली. अडीच वर्षं मी ती रोज आठवते आहे, आणि खरं सांगू, मला आता दोघींमधला फरक ऐकू येत नाही.

मुलीचं नाव तू कोणालाच विचारलं नाहीस, तुझ्या हट्टाला मानलं. आता माझ्याकडून ऐक. कोकिळा. मायचंच ठेवलं आहे. पाळणाघरात तिला कोकी म्हणतात. बाजूच्या आजीबाईंच्या बागेत चार गायीना आहेत. काल मी तिला हाक शिकवली. ‘आऽऽ’ नीट येतं, ‘तीतीतीती’ म्हणताना जीभ अडकते, पण कोंबड्या आल्या. तिने माझ्याकडे असं बघितलं की जसं काही जग तिनेच बोलावलं. टकटक करायला मात्र इथे काही मिळालं नाही.

मे महिन्यात येतो. एक काळं पिल्लू तिच्या नावाचं ठेव, विकू नको, कोणाला अर्ध्या वाट्यावर, अर्धेलीनं पाळायला देऊ नको.

आणि भिंतीवरचं सूप काढून ठेवजो.

मंजी